पंचविसाव्या दाराची तार

सिबू, १२ मे

प्रिय एम्बुन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढतोय. पहिल्या दोन्हींत खाडाखोड फार झाली होती. बिंतुलूचा तुझा नवीन नंबर तुझ्या मैत्रिणीने, रिंदाने, मला दिलाय, फोनही करता आला असता. पण फोनवर मी अडखळतो, अडखळलो की तू हसतेस, आणि तू हसलीस की सांगायचं ते बाजूलाच राहतं. शाळा नववीत सुटली तरी शुद्धलेखन मी सोडलेलं नाही. तरीही चूक सापडली तर पूर्वीसारखी लाल पेनाने गोल करून ठेव.

आधी बातमी. आपल्या घरात आवाजाची सोय होतेय. सबंध घरात, प्रत्येक दारात. जुनं घर जळून आता दोन वर्षं झाली, नवीन घर उभं राहिलं, चोवीस दारं झाली, दारागणिक एक कुटुंब, आणि वरच्या टोकाला बोललेलं खालच्या टोकाला ऐकू जायला हवं असं शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. सरकारकडून थोडी मदत मिळाली. काय घ्यायचं, कसं जोडायचं, हे ठरवायचं काम घराचे मुखिया तुआई न्युआक यांनी माझ्यावर टाकलं, कारण मी माझे मालक तिओंग तौके यांच्या वीजसामानाच्या दुकानात कामाला आहे. तुमची पंचविसावी जागा अजून मोकळी आहे. खांब रोवलेत, वर काही नाही. कापणीच्या गावाई सणापर्यंत तुझे वडील, आपाई, परत येणार की नाही ते कळवा, नाहीतर ती जागा कोणाला तरी द्यावी लागेल, असा तुआईंचा निरोप तुम्हाला आलाच असेल. उत्तर मात्र आलेलं नाही. त्या उत्तराकडे घरातले सगळेच डोळे लावून बसलेत. मी जरा जास्त.

ॲम्प्लिफायर निवडताना पहिली गाठ मांगाटकाकांशी पडली. ते खास होडीने सिबूला आले आणि दुकानाच्या काचेतल्या निळ्या दिव्यांच्या कराओके ॲम्पसमोर असे उभे राहिले, जणू देवीच प्रसन्न झालीय. म्हणाले, "हाच घे गराई. बघ कसा चमकतोय. तुआई बोलले की निदान दिवे तरी नाचतील." तिओंग तौके चहा पीत होते. ते म्हणाले, "हे चार स्पीकरांचं जनावर आहे मांगाट. घरभराचे स्पीकर गळ्यात बांधलेस तर आवाज नाही, धूर येईल." काका खदखदून हसले. मला हसू आलं नाही. मी वहीत लिहून घेतलं.

तौकेंनी मग मला नीट समजावलं. घरगुती ॲम्प आपली सगळी ताकद जाड तारेतून जवळच्या स्पीकरला पाजतो. दोनशे मीटर लांब घरात ती वाटेतच जिरते, आणि शेवटच्या दाराला नुसती कुजबुज उरते. आपल्याला हवा तो शाळा-स्टेशनांत वापरतात तसला, शंभर व्होल्टच्या लाईनचा. त्यात प्रत्येक स्पीकरच्या पाठीला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्पीकर ठरवून दिलेलाच घास घेतो, कोणी सहा वॅट, कोणी दहा. पहिलं दार काय, शेवटचं काय, आवाज सारखा. हे ऐकल्यावर मी त्यांना तीनदा विचारलं, शेवटच्या दारालाही अगदी सारखाच? तिसऱ्यांदा ते चिडले. "अरे, तुझी कोण सासू राहते त्या शेवटच्या दारात?" शेवटच्या दारात कोण राहायचं हे तुला सांगायला नको.

मग सगळ्या दारांसमोरच्या सामाईक ओसरीवर बैठक झाली. तुला आठवतं ना, आपल्याकडे बैठक म्हणजे अर्धी बैठक आणि अर्धी तुआकची दारू. मी सांगितलं, प्रत्येक दारात एक गोल बटण असेल, आवाज कमी-जास्त करायला आणि बंदही करायला. त्यावरून जे पेटलं! तुआई म्हणाले, "बंद कशाला? ज्या दाराला घराचं बोलणं नको, त्याने घर कशाला बांधलं?" मांगाटकाका म्हणाले, "तुआई, तुम्ही मागच्या वेळी दोन तास बोललात. बटण द्या, मी दुप्पट वर्गणी देतो." रिंदाची आई म्हणाली, "माझी नात दुपारी झोपते. सणात तुमची गाणी सुरू झाली की तिला काय नदीत नेऊन झोपवू?" दोन्ही बाजू बरोबर होत्या. मी घामाघूम झालो. बोलायला तोंड उघडलं की कोणीतरी ग्लास हातात द्यायचं.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी परतीच्या होडीत सुचलं आणि तौकेंच्या कपाटात सापडलं. तसली बटणं मिळतात, एम्बुन. त्यांना एक जास्तीची तार असते. रोज तू तुझा आवाज हवा तेवढा ठेव, नाहीतर बंद कर. पण तुआईंनी ॲम्पच्या पेटीवरचं लाल बटण दाबलं की त्या तारेतून इशारा जातो, आणि घरातली सगळी बटणं एका दमात बाजूला सरतात. बंद केलेला स्पीकरसुद्धा पूर्ण आवाजात बोलतो. गाण्यासाठी प्रत्येक जण आपल्या दाराचा मालक, संकटासाठी सगळं घर एक. हे मी ओसरीवर सांगितलं तेव्हा तुआईंनी माझ्या वहीतल्या चित्रातल्या लाल बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे दाबायचा अधिकार फक्त मला नको. लहान पोराचा हात पोचेल इतक्या खाली लाव." आणि मांगाटकाकांना तंबी दिली, "गाण्यासाठी दाबलंस तर बोट तोडीन."

तरी माझी भीती संपेना. आगीत तार वितळली आणि तिच्या दोन शिरा एकमेकींना चिकटल्या तर? एकच लाईन असेल तर त्या एका जागेपायी सगळं घर मुकं होईल. म्हणून मी एकीऐवजी पाच लाईनी केल्या. वरच्या अंगाच्या दोन, खालच्या अंगाच्या दोन, ओसरीची एक. प्रत्येकीला वेगळा फ्यूज. एक मेली तर पेटी तिला सोडून देते आणि बाकीच्या चालू राहतात. शिवाय दुसरा ॲम्प. पहिला बंद पडला की पेटी आपणहून त्याच्यावर जाते. शिवाय बॅटरी, कारण आग लागली की पहिल्यांदा वीजच जाते. तौके म्हणाले, "राजवाड्याला एवढं लावत नाहीत." मी म्हटलं, राजवाडा लाकडाचा नसतो.

आगीच्या त्या दुपारचं सगळं मला जसंच्या तसं दिसतं. मोठी माणसं शेतावर, घरात म्हातारी माणसं आणि मुलं. आग चौथ्या दारापाशी लागली. ओरडा दारोदार पळत गेला, पण सतराव्या दारात टीव्हीचा आवाज मोठा होता आणि पुढे तो पोचलाच नाही. इनी मंगन, तुझी आजी, शेवटच्या दारात चटई विणत बसली होती. धूर आत आला तेव्हा तिला कळलं. ती वाचली, पण दोन्ही हात भाजले. आता तिला वेत धरता येतो का? रिंदाला विचारलं तर ती म्हणते, मला माहीत नाही, तूच विचार. तुझे आपाई दवाखान्याच्या बाहेर म्हणाले होते, "ज्या घराला माझ्या आईला हाक मारता आली नाही, त्या घरात मी परत पाय ठेवणार नाही." मी तिथे चार पावलांवर उभा होतो. त्या वाक्याला उत्तर द्यावं म्हणूनच मी हे सगळं केलं, असं समज.

सामान मागवायच्या दिवशी तुआईंनी दारांसाठी चोवीस स्पीकर लिहून दिले होते. मी पंचवीस मागवले. पंचवीस दारांचे सहा-सहा वॅट, ओसरीवरच्या दहा स्पीकरांचे दहा-दहा, मिळून अडीचशे, त्यावर पुढची जागा मोकळी ठेवून साडेतीनशेचा ॲम्प. तुआईंनी आकडा बघितला आणि चष्मा काढला. "तुला मोजता येत नाही का?" मी म्हटलं, येतं, म्हणूनच. त्यांनी कागदावर सही केली. शेवटच्या खांबापर्यंत तार मी नेलीय, टोक कोरड्या डबीत बंद करून ठेवलंय. पेटीवर प्रत्येक लाईनीखाली तिच्यावरच्या घरमालकांची नावं लिहिलीत, अक्षर न अक्षर तपासून. तुमच्या लाईनीखाली शेवटी तुझ्या आपाईंचं नाव आहे.

गेल्या रविवारी चाचणी घेतली. सगळ्यांनी आपापली बटणं बंद केली आणि मी लाल बटण दाबलं. मांगाटकाकांनी माईकमध्ये फुंकर मारली आणि म्हणाले, "घर ऐकतंय का? भात कोणाकडे शिजलाय?" चोवीस दारांतून एकदम उत्तरं आली. कोणी आमच्याकडे म्हणालं, कोणी तुझ्याकडे कधी शिजतो म्हणालं. मी तुमच्या रिकाम्या खांबांपाशी वही घेऊन उभा होतो. तिथेही स्वच्छ ऐकू आलं.

आता जे मी प्रत्येक परिच्छेदात पुढे ढकलत आलो ते. काम कोणाला द्यायचं असं तुआईंनी पहिल्या बैठकीत विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, गराईला. हो म्हणायच्या आधी मला उभं राहावं लागलं. आगीच्या आधीच्या गावाईत रिंदाच्या आईने मोठा फ्रीझर आणला होता. त्यासाठी शेजारच्या दारातून फळीमागून लाईन मी ओढून दिली. जोडायचा पितळी तुकडा माझ्याकडे नव्हता. तारा हाताने पिळल्या, वर काळी पट्टी गुंडाळली आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात नीट करतो. केलं नाही. तीन महिन्यांनी आग त्याच फळीमागे सुरू झाली. अहवालात विजेचा दोष एवढंच होतं, आणि घराने तो जुन्या जनरेटरच्या माथी मारला. मला माहीत होतं. दोन वर्षं मला एकट्याला माहीत होतं. हे सगळं मी ओसरीवर सांगितलं. रिंदाची आई म्हणाली, "दोन वर्षं माझ्या हातचं जेवतोयस, आणि आत्ता सांगतोस?" आणि उठून आत गेली. दुसऱ्या सकाळी तिनेच ताट पुढे सरकवलं. "खा. उपाशीपोटी तारा जोडू नकोस." रीतीप्रमाणे मला दंड झाला. एक डुक्कर आणि दारागणिक एक लोखंडी पातं, घाबरलेल्या जिवांना बळ यावं म्हणून. मांगाटकाका म्हणाले, "डुक्कर मोठं आण, माझा टीव्ही जळलाय." मग तुआई म्हणाले, "काम यालाच द्या. दुसरा कोणी तारा जोडून शांत झोपेल. हा झोपणार नाही. मला असाच माणूस हवाय."

मी कबूल केलं तेव्हा चोवीस दारं समोर होती, तुमचं नव्हतं. इनी मंगनचे हात माझ्या जोडाने भाजले हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी मी सकाळच्या बसने बिंतुलूला येतोय. तुझ्या आपाईंसमोर आणि आजीसमोर हे सगळं तोंडाने सांगणार आहे, अडखळलो तरी. तू आधी काही सांगायचं की नाही ते तूच ठरव. त्यांनी दार लावून घेतलं तर मी पायरीवर बसेन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन, तरीही तुमची तार काढणार नाही. ते घरी परतले तर आनंदच आहे, पण त्यांनी खरं कळल्यावर ठरवावं, माझ्या स्पीकरांवर भाळून नाही. तुझ्या-माझ्याबद्दल मी काही मागत नाही. शेवटी नावाच्या वर काय लिहावं, यावर बराच वेळ अडलो. दोन वर्षं खरं लपवून झाल्यावर इथे तरी खरं तेच लिहायचं ठरवलंय.

तुझाच,
गराई