पाणघोड्याची बाजू

दि. ४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुम्ही रंधा वाट बघतोय म्हणून फोन ठेवता, म्हणून हे पत्र. आपल्या ऑनलाइन दुकानात तुमचे लाकडी प्राणी आता चौसष्ट झाले. गिऱ्हाईक येतं, बघत बसतं आणि काहीच न घेता जातं. ज्यांनी घेतलं त्यांच्यातल्या दोघांना मी कोल्ह्याऐवजी लांडगा पाठवला, कारण ते दोन्ही प्राणी जुळे भाऊ दिसतात आणि बैठकीच्या खोलीत खोकी छताला टेकलीत. वेबसाइटवाल्यांनी कळवलंय, की चुका आणि उशीर असेच राहिले तर मे संपताच दुकान बंद. मग तुम्ही दारांच्या कारखान्यात नोकरी धरणार, असं काकू म्हणाल्या. मला ते बघवणार नाही. म्हणून म्हणते, बाराच प्राणी ठेवू. पाणघोडा तर वर्षभरात एकच गेला, तोही परत आला.

सासूबाई खोक्यांच्या फटीतून टीव्ही बघतात. माझ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं.

राग ओसरला की उत्तर पाठवा. लोभ मात्र ओसरू देऊ नका.

तुमची भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून घशाखाली घास उतरला नाही, असं लिहिणार होतो. काकू म्हणाली, खोटं लिहू नका, दोनदा वाढून घेतलंत.

बारा म्हणजे कुठले बारा? साळिंदराचे काटे जमायला मला अख्खा पावसाळा लागला. आणि पाणघोड्यानं तुझं काय घोडं मारलं? तो परत आला नाही, घरी आला. कारखान्यात जायला मी भीत नाही. पण आयुष्यभर तेच एक दार करायचं, या विचारानं हात गार पडतात, हे तुला म्हणून सांगतो.

माझ्या हातून कुणाचा गळा कापला जाणार नाही. म्हणून सोबतच्या पेटीत धडं, डोकी, शेपट्या सुट्या पाठवतोय. सरस लावलेला नाही. माझं गिरमिट एकच, त्यामुळे भोकं आणि खुंट्या सगळ्यांच्या एकाच मापाच्या. कोण जगणार ते तूच ठरव आणि तूच चिकटव.

रागावलेला असलो तरी आशीर्वाद खरेच आहेत.

काका


दि. २० फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

पेटी उघडली आणि माझंही डोकं फिरलं. सगळं जमिनीवर ओतलं आणि तणतणत सरस आणायला गेले. परत येऊन बघते तर सासूबाई मांडी ठोकून बसलेल्या. गाईच्या धडावर पाणघोड्याचं डोकं, मागे कोल्ह्याची शेपटी. म्हणाल्या, हे आमचे थोरले दीर, जेवण झाल्यावर अगदी असेच दिसायचे. आणि हसत सुटल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. टीव्ही लागलाच नाही. शेजारीण आली, तिनं गाढवाचं डोकं घेऊन आपले साहेब बनवले आणि घरी घेऊन गेली.

काका, सरसाची बाटली मी उघडलेलीच नाही. चौसष्टही नकोत आणि बाराही नकोत. एकच माल ठेवू. एक पेटी, तिच्यात चार धडं, सहा डोकी, सहा शेपट्या, सगळं सुटं. एकच खोकं असलं की मी चुकीन कशी? सहा कुठली ते तुम्हीच ठरवा. मी एकाही डोक्याला हात लावणार नाही.

लोभ असेल तर लवकर कळवा, नसेल तर आधी तो करा.

भिंगरी


दि. २ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. त्यांच्या दिरांची ओळख झाली, आनंद वाटला.

ठरवलं. पाणघोडा पहिला. मग गाढव, हत्ती, ससा, कोल्हा, बदक. लांडगा मीच काढला, तो कोल्ह्याची नक्कल होता हे करतानाच ठाऊक होतं. साळिंदर कपाटावर बसवलंय, तिथे काकूची वर्दळ कमी. वाईट वाटलं, लपवत नाही. कारखान्याला जूनपर्यंत थांबा म्हणून सांगितलंय.

लोभ होताच. पेट्या मागाहून येतील.

काका


दि. ६ जून

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

आपलं दुकान टिकलं. मे महिन्यात एकही पेटी चुकली नाही की उशिरा गेली नाही. वेबसाइटवाल्यांनी आपली पेटी स्वतःहून पहिल्या पानावर लावली आहे. लोक आपापल्या प्राण्यांचे फोटो पाठवतात. एका दवाखान्यानं वाट बघणाऱ्यांसाठी पाच पेट्या नेल्या आणि परत पाच मागवल्या. बैठकीची खोली मोकळी झाली. सासूबाई पेट्या बांधायला बसतात आणि माझी गाठ सैल असते म्हणून मला उठवतात. मला रडू येतं, पण आनंदाचं.

हात थकले तर सांगा, लोभ थकवू नका.

भिंगरी


दि. १३ जून

चि. सौ. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कारखान्याचा मॅनेजर काल विचारायला आला, कामावर कधी येताय. मी म्हटलं, सवड नाही, पण तुमच्या दारांचे उरलेले तुकडे विकत घेईन. जाताना त्यानं एक पेटी नेली. दारातच त्यानं बदकाला हत्तीची शेपटी लावून बघितली.

काकू म्हणते, एवढे प्राणी गेले आणि तुम्ही खुशाल शीळ घालताय. मी तिला गणित करून दाखवलं. चार धडं, सहा डोकी, सहा शेपट्या. एकशे चव्वेचाळीस प्राणी झाले. म्हणजे चौसष्टाचे कमी करायला निघालीस आणि ऐंशी वाढवून बसलीस. पाणघोडा तर आता प्रत्येक घरात जातो आणि परत येत नाही. हे वेबसाइटवाल्यांना कळवू नकोस.

लोभ वाढवायला हरकत नाही. त्याला खोकं लागत नाही.

तुझा काका