गैरहजर भिडूचा गठ्ठा

रा. रा. हिल्के दाजी यांच्या सेवेसी, हार्लिंगनहून दाउवेचा साष्टांग नमस्कार. चि. सौ. नीन्केचा गुडघा आता कसा आहे? मास्ट्रिख्टचं हवापाणी आणि तिथल्यांचं ते गोड गोड बोलणं तुम्हाला मानवलं का?

अहोजाहो इथवर पुरे. माझ्या बहिणीशी लग्न केलंस म्हणून तू दाजी. त्याआधी पत्त्यांच्या टेबलावरचा माझा भिडू. देशाच्या दुसऱ्या टोकाला जाताना भिडू आणि बहीण दोन्ही एकाच ट्रकमधून गेले. (वर माझी कॉफी दळायची चक्कीही नेलीस, पण त्याबद्दल खाली बोलू.) इकडे सगळं ठीक आहे. वारा आहे. एकटं वगैरे अजिबात वाटत नाही. परवा बंदरात बोटीचा भोंगा वाजला तेव्हा मी मोठ्याने "आलो, आलो" म्हणालो हे खरं, पण ते घसा मोकळा करायला.

आपल्या त्या राक्षस-जादूगारांच्या पत्त्यांच्या मंडळात आता कोणी येत नाही. पूर्वी टेबल भरून बसायचो, लढायचा गठ्ठा जमवायला एकेक पान स्वतःकडे ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायचो, कोणी काय उचललं याचा पत्ता लागत नसे. दोघांत ती गंमत राहत नाही. जे मी सोडलं ते तू घेतलंस, मग लपवायचं काय? म्हणून मी फाशांची पद्धत काढली आहे. सहा पानं ओळीत उताणी मांडायची आणि दोघांनी एकेक फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा त्याने आधी निवडायचं. आकडे सारखे पडले तर डावीकडचं पान कोणालाच नाही. ते तिसऱ्या गठ्ठ्यात जातं, गैरहजर भिडूच्या नावाने. एवढ्याने सगळा हिशेब बिघडतो आणि मजा येते.

आता दुसरा भिडू कुठून आणायचा? शेजारच्या बौमाबाईंना बोलावलं. (त्यांना तू ओळखतोस. येताना स्वतःचा डबा आणतात, माणशी एक बिस्कीट काढतात आणि झाकण असं लावतात की पुन्हा मागायची कोणाची छाती होऊ नये.) पहिल्या दिवशी त्या सहा पडल्याशिवाय पानाला हात लावेनात. पुढे अक्राळविक्राळ राक्षस वाट्याला आला, तर असलं थोबाड घेऊन मी घरी जायची नाही म्हणाल्या. त्या पानं निवडतात ती कपड्यांचे रंग बघून. तरी मीच हरतो, पण हे तू नीन्केला सांगू नकोस.

मग माझ्या लक्षात आलं की डावीकडे भारी पान आलं की फासे नेमके सारखे पडतात. नीट पाहिलं तर कॉफीचा कप सरकवता सरकवता बाई करंगळीने फासा उलटवत होत्या. बरं, लबाडी करावी तर फायदा ना त्यांना, ना मला! हिरवा ड्रॅगनसुद्धा (ज्याच्यापायी आपण दोघं महिनाभर बोलत नव्हतो) असाच गैरहजराकडे गेला. मी चिडून जाब विचारला.

"दाउवे," बाई म्हणाल्या, "जो इथे नाही त्याचं काहीतरी चांगलं इथे राहू द्यावं, म्हणजे ते न्यायला तरी तो येतो. माझा लेक कॅनडाला गेला आणि त्याचं होतं नव्हतं ते सगळं मी पोस्टाने धाडून दिलं. आता तो कशाला येईल?"

मी फासे त्यांच्याकडे सरकवले.

कळावे. लोभ असावा असं लिहीत नाही, आहे तो सगळा तू आधीच तिकडे घेऊन गेला आहेस.

तुझा मेहुणा,
दाउवे

ता. क. चक्की पोस्टाने पाठवू नकोस. मोडेल.

ता. क. गैरहजराचा गठ्ठा आम्ही एकदा खेळवून पाहिला. माझा आणि बाईंचा, दोघांचाही धुव्वा उडाला.

ता. क. वर एकटं वाटत नाही असं लिहिलंय, ते नीन्केला वाचून दाखवण्यासाठी आहे. तू शनिवारी ये. बौमाबाई हल्ली डब्यातून तीन बिस्किटं काढतात, आणि तिसऱ्याला आम्ही दोघंही हात लावत नाही.