पामर नव्हे, पाभर

प्रिय नीलू,

तुझ्या आप्पांचं, म्हणजे आमच्या गुरुजींचं, ज्वारीचं पुस्तक पुरं झालं! दोनशे बारा पानं, आणि शेवटच्या पानावर परवा माझ्या हातानं ‘तपासलं’ची खूण केली. कर्जतच्या वाचनालयातली ती एकुलती प्रत नगरच्या सुहास सरांनी स्कॅन करून घेतली, हे तुला ठाऊकच आहे. पुढचं मात्र कुणी सांगितलं नसेल.

मशीन फोटोतली अक्षरं ओळखून लिहितं, पण चुकतंही फार. त्या चुका दुरुस्त करायला सरांनी हौशी माणसं गोळा केली, सगळी बिनपगारी. आमची सून पूजा त्यातलीच. एकदा मी भाकरी थापत होते आणि ती मोबाईलवर वाचत होती, ‘मग शेतकऱ्याने पामर चालवावी.’ मी तवा तसाच टाकून उठले. “अगं, पामर न्हाई, पाभर! पेरायची पाभर!” पूजानं फोटो मोठा केला. भ ची गाठ पुसट होती, पण होती. ते पान तर दोघांनी तपासून बंद केलेलं! पुढं ज्वारीच्या कणसाखालच्या धाटांचे ‘घाट’ झालेले. शब्द दोन्ही मराठीच, शहरातल्या पोरांना खटकणार कसे?

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, “राहीबाई, एकशे साठ पानं झालीत. परत उघडली तर काम महिनाभर लांबेल.” मी सातवी शिकलेली, कॉलेजच्या सरांशी काय भांडणार? तरी मी म्हणाले, “लांबू द्या. गुरुजी असं लिहिणार न्हाईत.” दुसऱ्या दिवशी सरांनी सगळी पानं उघडून दिली.

चार आठवडे पूजा वाचायची, मी थांबवायची. तीनशे एक्केचाळीस चुका निघाल्या! काल सरांनी गटावर लिहिलं, ‘शेवटची तपासणी : राहीबाई, कर्जत.’ मी ते चारदा वाचलं.

आता अडून का बसले ते सांगते. बाकीच्यांना शंका आली तर ते शेजारचा फोटो बघतील. तुझी नजर गेल्यापासून तू पुस्तकांचं नाव काढत नाहीस, कुणी वाचून दाखवतो म्हटलं तरी नको म्हणतेस. तू मात्र हे पुस्तक नुसतं ऐकणार, आणि आप्पांचा एकही शब्द तुझ्या कानी चुकीचा पडायला नको होता. भाऊजींचं हे पत्र वाचून झालं की त्यांना तुझा मोबाईल उघडायला सांग. पूजानं पुस्तक पाठवलंय. बटण दाबलं की मोबाईल स्वतः वाचतो, कुणाच्या सवडीची वाट बघायची नाही. बस आणि ऐक.

तुझीच,
राही