न धुतलेला तुकडा

प्रिय मेघा,

काल सकाळी मी देवापुढे दिवा न लावताच सुरी उकळत्या पाण्यात टाकली. तुझी आई चुलीपाशी होती. तिने पाहिलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

मागची मेंढी मेली तेव्हा आतड्याचा तुकडा मीच पाठवला होता. धुळ्याच्या प्रयोगशाळेत माझी पोर तो हातात घेणार, तिथे घाण कशी पाठवायची, म्हणून आतून-बाहेरून चोळून धुतला. तू फोनवर म्हणालीस, "आबा, धुतलं कशाला? जे बघायचं तेच वाहून गेलं." मग तुलाच रागावल्याचं वाईट वाटलं असेल, म्हणून मला बोलावून मायक्रोस्कोपातून निरोगी मेंढीचं आतडं दाखवलंस. आत बारीक बोटं, ज्वारीच्या ताटांसारखी दाट उभी. त्यांच्या बुडाशी खोल खाचा, तिथून नव्या पेशी वर चढतात. खाल्लेलं अंगी लागतं ते या बोटांमुळे, आणि जीव गेला की सगळ्यात आधी गळतात तीही हीच. एवढी मशागत देवाने कुणाला न दिसणाऱ्या जागी केली आहे, हेच मनात येत राहिलं.

कळपाची हगवण अजून थांबलेली नाही. नवलभाऊंच्या मेंढ्याही आपल्याच पाणवठ्यावर येतात. ते रोज टोचतात, "काय म्हनस तुन्ही डाक्टरीन?" रोग कोणता ते कळल्याशिवाय औषध कोणतं द्यायचं?

परवापासून आपली चांदवी मेंढी उठेना. तू बारा वर्षांची असताना तुझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तेव्हा तुझ्या नावाने देवाला सोडलेली ती. तिला कधी कातरसुद्धा लावली नाही. आई म्हणाली, "मेघाना नावनी शे ती. तिले सुरी लावू नका." मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. एका बाजूला सुरी, दुसऱ्या बाजूला तुकडा नासू नये म्हणून तू दिलेली औषधाची बाटली. तिचा श्वास चालू राहावा म्हणून देवाचं नाव घेत होतो, आणि तो थांबलेला कळावा म्हणून पोटावरचा हातही काढत नव्हतो.

हे पत्र बाटलीसोबत धुळ्याला निघालेल्या नीलेशकडे देतो आहे. बाटलीवर नुसता आकडा आहे. काचेखाली कोण आहे ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. नवस मोडला तो मी, तसं देवाला सांगितलं आहे. त्यातलं तुझ्याकडे काही येत नाही, तू हात स्थिर ठेवून बघ. श्वास थांबताच बोटभर तुकडा कापून बाटलीत टाकला. बाकीची चांदवी बाभळीखाली पुरली, आंघोळ केली, मग दिवा लावला. तुकडा धुतलेला नाही.

तुझाच,
आबा