पाचव्या गाण्यातला श्वास

चि. ढोल्या यास,

आशीर्वाद आहेत, पण या वेळी ते पाकिटात घातलेले नाहीत. (आधी पत्र वाच, मग बघू.) माझी प्रकृती ठीक. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या नव्या अल्बमच्या मानाने सुरात कुरकुरतात. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. माणसाला लाज नसली की तब्येत चांगलीच राहते.

हे पत्र मी सांगतेय आणि तुझी धाकटी बहीण लिहितेय. हो, तीच. जिला तू बँडमधून काढलीस, तेही मोबाईलवर मेसेज टाकून, ती डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवर बसून केसपेपर काढत असताना. सहा वर्षं तुमच्या मधोमध उभी राहून पोरीनं घसा फोडला. आणि कारण काय, तर ड्युटीमुळे तालमीला उशिरा येते. (येते, खरं आहे. तू तर जन्मालाच दहा दिवस उशिरा आलास. आम्ही काय तुझ्या जागी दुसरा आणला?)

तुमचं संगीत मला कळत नाही असं तुझे मित्र समजतात. समजू देत. अर्धं गाणं जिवाच्या आकांताने ओरडायचं, अर्धं गोड चालीत म्हणायचं, आणि गिटारी मात्र सगळा वेळ पाठीमागे कुत्रं लागल्यासारख्या पळवायच्या, एवढंच ना? त्यात अवघड एकच, ओरडतानाही चाल सुटता कामा नये. तुझ्या बहिणीची कधी सुटली नाही. हा नवा गायक (जोड्यांच्या दुकानात आहे म्हणे) गातो बरा, पण ओरडतो कसा, तर गिऱ्हाइकाला विचारल्यासारखा: चावत नाही ना कुठे?

तरी मी अल्बम पुरा ऐकला. पाचव्या गाण्याच्या शेवटी ती लांबलचक आरोळी आली आणि मी ताडकन उठले (गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही). आरोळीच्या आधी दोन श्वास होते. एक अर्धा, मग एक पुरता. चार वर्षांची असताना तिचं बोट दारात सापडलं, तेव्हाही तिनं आधी अर्धा श्वास घेतला, मग पुरता, आणि मग सगळी गल्ली गोळा झाली. मला अक्षर ओळखता येत नाही रे, पण माझ्या नातीचा श्वास ओळखता येतो. जोडेवाल्याला ती आरोळी जमेना, म्हणून तू जुन्या रेकॉर्डिंगमधली हिची उचललीस आणि तिथं चिकटवलीस! माणूस नको, आरोळी हवी! कव्हर मी हिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. जोडेवाल्याचं नाव मोठ्ठं. वायरी उचलणाऱ्याचं आहे. स्टुडिओतल्या मांजराचेही आभार मानलेत. हिचं कुठेच नाही. आणि ही म्हणते कशी, "जाऊ दे ना आजी, मला त्याच्याकडे काही मागायचं नाही."

तेव्हा आता ज्यासाठी हे पत्र, ते कान उघडे ठेवून ऐक. आपली प्रकृती सांभाळावी व वेळेवर जेवावे.

एवढं केलं नाहीस तर या घराची पायरी चढू नकोस.

तुझी (सध्या नाइलाजाने)
आजी

ता. क. : तिसरं गाणं मात्र चांगलं झालंय. जोडेवाल्यानं जीव ओतलाय. मी सात वेळा ऐकलं. (हे सांगितल्यावर लिहिणारीनं पेन इतकं दाबलं की कागद फाटला. भोक दिसतंय ना, ते त्याचं.)

दुसरा ता. क. : अक्षर बदललेलं दिसेल. हे समोरच्या शिंपीणबाईंचं. पाकीट चिकटवण्याआधी त्यांच्याकडून पत्र वाचून घेतलं, तर काय! मी पाच वेळा बजावून सांगितलं होतं, "तिचं नाव कव्हरवर छाप, जोडेवाल्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात." आणि या बयेनं त्या जागी लिहिलं काय, तर वेळेवर जेवावे! जेवू नकोस. आधी नाव छाप. तिला मागायला लाज वाटते, मला नाही. सोबतच्या चिठ्ठीवर तिचं नाव आहे. शिंपीणबाईंनी लिहिलंय, आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाकडून मी ते तपासून घेतलंय (माझा आता कुणावर भरवसा राहिलेला नाही). तसंच्या तसं छाप. एखादं अक्षर गाळलंस तर मला दिसणार नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून नवं कव्हर हातात आलं की मी ते दारोदार वाचून घेत फिरणार आहे. पहिलं दार जोड्यांच्या दुकानाचं.