हिसेताईचा आवाज

श्री. मिझुगाकी यांस,

काल ताईच्या अंत्यविधीला आलात, आभारी आहे. ती लहानपणी मूकपटांत झळकायची, तेव्हा क्योतोच्या थिएटरात पडद्याशेजारी उभे राहून तिचे संवाद तुम्हीच म्हणायचात, बारीक, लडिवाळ आवाजात. काल शवपेटीपाशी त्याच आवाजात म्हणालात, "आई, मी आले गं." सगळे रडले. आमची आई म्हणाली, "अगदी माझी हिसे."

अहो, ताईचा आवाज घोगरा होता. "अगं आई, भात झाला का?" असं ओरडतच ती घरात शिरायची. मी शामिसेन वाजवायला कुणाकडे न जाता, नुसतं ऐकून शिकलो. माझा कान चुकत नाही. तरी आईला काही बोललो नाही.

घरी येऊन तो घोगरा आवाज आठवत बसलो. रडू आलं नाही. ताई दिसते, तोंड उघडते आणि तुम्ही बोलता.

आपला,
हिसेचा भाऊ योशिझो