बारावं रीडिंग

२२ एप्रिल, सकाळी
प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनची तारीख लागली. १२ मे. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न. परीक्षक बाहेरच्या. शेवटचं वर्ष आहे, यात आपटलो तर डिग्री अडकली.

पण मी निश्चिंत आहे. गेल्या वर्षीच्या सेमिनारमध्ये मी घाबरून गप्प झालो, असं वर्गात सगळे म्हणतात. मी घाबरलो नव्हतो. विचार करत होतो. चार मिनिटं. या वेळी छाप अशी पाडायची की लोक तो सेमिनार विसरले पाहिजेत. त्यासाठी ही वही. रोज लिहिणार.

कामाची वाटणी: लॅब पार्टनरकडे, प्रेझेंटेशन माझ्याकडे. पार्टनरला सगळे मौनी म्हणतात. तीन वर्षांत तो वर्गात फार तर चाळीस शब्द बोलला असेल. तेव्हा वाटणी आपोआपच झाली.

२६ एप्रिल
मधले दिवस विचारात गेले.

एक मोठा वक्ता व्हिडिओत सांगत होता की पहिल्या तीस सेकंदांत सभा ताब्यात घ्यायची. रोज एक तास आरशासमोर उभं राहायचं. निश्चय.

२७ एप्रिल
घरात पूर्ण उंचीचा आरसा फक्त बाथरूममध्ये. ‘आदरणीय परीक्षक’पर्यंत आलो आणि आईने दार वाजवलं. तिला कामावर जायचं होतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं की आत कोणाशी बोलत होतास. या घरात कलेला वाव नाही.

२९ एप्रिल
टेम्प्लेट ठरवणं हे डोक्याला ताप देणारं काम आहे हे कोणाला पटत नाही. एकेचाळीस पाहिली. निळं घेतलं. मग वाटलं निळं सगळेच घेतात. गडद निळं घेतलं.

३० एप्रिल, दुपारी
फोटोसाठी लॅबमध्ये गेलो. इस्त्रीचा शर्ट.

आमचा प्रोजेक्ट तसा साधा आहे. लोखंडी टेबलावर मोटर. वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा, एकूण वीस टप्पे. प्रत्येक टप्प्याला टेबल किती थरथरतं ते सेन्सरने मोजायचं. मग टेबलाच्या पायांखाली रबर घालायचं आणि सगळं पुन्हा मोजायचं. नाव मात्र दोन ओळींचं आहे. ते मी दिलंय.

आवाज भयंकर. मौनी कानात कापूस घालून बसला होता. लॅबवाले काका सांगत होते की मोटर मध्येच एका वेगाला अंगात आल्यासारखं करते, त्यांचा चहाचा कप पलीकडच्या टेबलावरून सरकत सरकत कडेला येतो. मी म्हटलं, काका, कप दुसरीकडे ठेवा. साधा उपाय कोणाला सुचत नाही.

मौनी मला बाही धरून काहीतरी दाखवायला ओढत होता. त्याच्या हाताला ग्रीस. मी सांगितलं, मेल कर. फोटो काढला आणि निघालो. फोटोत मी मोटरकडे बोट दाखवतोय. छान आलाय.

३ मे
मौनीची मेल. रबराशिवायचा एक ग्राफ, रबर घातल्यावरचा दुसरा. खाली एकच ओळ: बारावं रीडिंग बघ, तीनदा घेतलं.

बघितलं. पहिल्या ग्राफमध्ये रेघ चांगली शिस्तीत चालली आहे आणि बाराव्याला एकदम ताडमाड वर जाऊन परत खाली. तोंडात एकच दात पुढे असावा तसा. बिचारा. तीनदा घेऊनही बरोबर आलं नाही. शरमेने आणखी काही लिहिलंही नाही त्याने.

४ मे
दात काढला. अकरा आणि तेराची सरासरी काढून बाराव्याला बसवली. आता दोन्ही रेघा मऊसूत. एकीवर एक ठेवल्या तर कुठली कोणती ते कळतसुद्धा नाही. पार्टनरची चूक अशी गुपचूप झाकायला मोठं मन लागतं. त्याला सांगितलं नाही. कशाला ओशाळं करायचं.

६ मे, संध्याकाळी
ताईसमोर तालीम. ताई शाळेत सहावीला विज्ञान शिकवते, म्हणजे श्रोता म्हणून बऱ्यापैकी.

सहाव्या मिनिटाला तिने विचारलं की मोटर कधी येणार. मी सांगितलं की अजून प्रस्तावना चालू आहे. मग म्हणाली, तुम्हाला नक्की काय सापडलं ते मला दोन वाक्यांत सांग. मी म्हटलं, रबर. ती म्हणाली, रबराचं काय. मी म्हटलं, ते टेक्निकल आहे. त्यावर तिने वह्या तपासायला घेतल्या आणि वर न बघता म्हणाली की माझी सहावीची पोरंसुद्धा हेच विचारतील.

घरच्यांकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.

८ मे
गाइड सरांना स्लाइड दाखवल्या. सर एकीकडे हजेरीपटावर सह्या करत होते. तिसऱ्या स्लाइडला म्हणाले, निष्कर्ष आधी आण, बाकीचं मागून. तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. निष्कर्ष आधी सांगितला तर लोक पुढे कशाला ऐकतील? सरांचं वय झालं आता. तरी ‘नको’ असं ते कुठेही म्हणाले नाहीत. म्हणजे मंजूर.

१० मे
मौनीला नोकरी लागली. पंपांच्या कारखान्यात. मला आधी सांगायला नको का? पास झाल्याचा कागद २५ तारखेपर्यंत द्यायचाय, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्याच्या घरी मिळवतं कोणी नाही, हेही आजच कळलं. त्याने विचारलं, स्लाइड एकदा बघू का. मी म्हटलं, तू फक्त ये आणि बघ. तुझी नोकरी माझ्या तोंडावर सोडून दे.

तो पिशवी उचलून गेला. हा माणूस आनंदसुद्धा धड व्यक्त करत नाही.

११ मे
तीन पेनड्राइव्ह. शर्ट, बूट, लेसर पॉइंटर. आवाजासाठी कोमट पाणी. तयारी म्हणतात ती हीच.

१२ मे, दुपारी
आधी सगळं लिहून काढतो.

परीक्षक बाई साधारण पन्नाशीच्या, तीस वर्षं यंत्रांवर काम केलेल्या. सुरुवात झकास झाली. तीस सेकंदांत सभा ताब्यात. सात मिनिटं झाली तेव्हा बाई म्हणाल्या की जरा ग्राफवर या. आलो. गडद निळ्यावर दोन पांढऱ्या रेघा, एकीवर एक.

मौनीने ग्राफ बघितला आणि खाली मान घातली.

बाईंनी विचारलं, यातली रबराशिवायची कुठली. मी पॉइंटर फिरवला. त्या म्हणाल्या, आणि रबरासकट? मी पॉइंटर तिथेच फिरवला. मग म्हणाल्या की फरक काहीच नाही तर रबर लावलं कशाला. मी म्हटलं, सुरक्षिततेसाठी. त्यांनी विचारलं, कशापासून.

पुन्हा विचार करत होतो. किती मिनिटं, माहीत नाही. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता.

बाईंनी लॅबची वही मागितली. मौनीने पिशवीतून काढून दिली. बाराव्या रीडिंगभोवती लाल गोल. तीन वेळा घेतलेलं, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. रबर घातल्यावरच्या पानावर तिथे उसळी नाही, सरळ. बाईंनी एकदा वही बघितली, एकदा पडदा. हळू आवाजात म्हणाल्या की तोच तर तुमचा प्रोजेक्ट होता. त्या वेगाला टेबल बेफाम थरथरतं आणि रबर घातलं की थांबतं. मग विचारलं, आकडा कोणी बदलला. आणि बघितलं मौनीकडे, कारण वही त्याची.

तो माझं नाव घेणारच नव्हता.

मी म्हटलं, मी बदलला. वाईट दिसत होता.

मागे कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, असा आकडा झाकला की कारखान्यात माणसाचा हात जातो. दोघांचेही मार्क राखून ठेवले. २० तारखेला पुन्हा, लॅबमध्ये. स्लाइड नकोत. सगळी रीडिंग मौनीने नाही, मी घ्यायची, असं बजावलं.

१३ मे
गडद निळ्यावर पांढरं नीट दिसत नाही, हे एक कारण. बाईंनी शेवटपर्यंत बोलू दिलं असतं तर चित्र वेगळं असतं, हे दुसरं. मौनीने मेलमध्ये एकाऐवजी दोन ओळी लिहिल्या असत्या तर

हे राहू दे. तो मला बाही धरून दाखवत होता. मी शर्ट जपला. लाज वाटते.

ताईला दोन वाक्यांत सांगितलं. एका ठरावीक वेगाला टेबल बेफाम थरथरतं. पायांखाली रबर घातलं की थरथरत नाही. तिला लगेच कळलं. म्हणाली, अरे, मग हे छान आहे की.

१६ मे, लॅब
वीस रीडिंग रबराशिवाय, वीस रबरासकट. मौनीने कापूस पुढे केला. काकांनी त्यांचा कप मुद्दाम पलीकडच्या टेबलावर आणून ठेवला.

बारावा टप्पा. दात तिथेच होता. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. माझं पेन टेबलावरून खाली पडलं. उचलून ठेवलं, परत पडलं. मौनी हसला. तो आधीही इथे हसायचा का, मला माहीत नाही. मी इथे नव्हतोच.

१९ मे
उद्या मी दोन वाक्यं बोलणार. पाठ आहेत. हवं तर त्यांच्याआधी एक छोटीशी प्रस्तावना. नको. नको म्हणजे नकोच.

२० मे, दुपारी
बाई लॅबमध्ये आल्या आणि विचारलं, आज कोण बोलणार. मी तोंड उघडलं. दोन्ही वाक्यं गेली. कुठे गेली देव जाणे. चार मिनिटांपूर्वी होती.

मौनी बोलला. चार वाक्यं असतील. बोलताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, तसा मी मोटरचा वेग वाढवत गेलो. दहा, अकरा, बारा. टेबल थडथडायला लागलं, काकांचा कप निघाला. बाई कपाकडे बघत होत्या. तो अगदी कडेला आला तेव्हा त्यांनीच हात पुढे करून धरला. मग मी मोटर बंद केली, चारही पायांखाली रबर सरकवलं आणि पुन्हा बारापर्यंत नेलं. कप जागचा हलला नाही.

दोघेही पास. मौनीला पहिला वर्ग, मी काठावर. त्याचा कागद उद्याच मिळेल. जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. शर्टावर ग्रीसचा पंजा उमटलाय.

जिन्यात गाइड सर भेटले. बाईंच्या शेऱ्यांचा कागद त्यांच्या हातात होता. माझ्या नावासमोर लिहिलं होतं: सादरीकरण परिणामकारक. सर म्हणाले की यंदा तू खरंच सुधारलास.

आज मी एक शब्दही बोललो नव्हतो.